बाळाचं डोकं एका बाजूला चपटं: मोजमापाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चपट्या डोक्याची मापं घेऊन झाली की पालकांच्या हाती एक कागद येतो आणि त्यावर तीनचार आकडे असतात. खालचे बहुतेक प्रश्न त्या कागदामुळेच येतात. क्रमाने वाचलंच पाहिजे असं नाही. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जन्मलं तेव्हा डोकं छान गोल होतं. आता मागून एका बाजूला चपटं दिसतंय. असं कशाने झालं?

बाळाची कवटी म्हणजे एकसंध हाड नसतं. हाडांच्या वेगवेगळ्या पाट्या असतात आणि त्यांच्यामध्ये लवचिक शिवणी असतात; डॉक्टर त्यांना सूचर म्हणतात. आतला मेंदू झपाट्याने वाढतो आणि पाट्यांना बाहेर रेटतो. बाळ मान सारखी एकाच बाजूला वळवून झोपत असेल तर गादीला टेकलेला भाग बाहेर सरकू शकत नाही, आणि वाढ मोकळ्या बाजूकडे वळते. म्हणजे हाड दबून आत जात नाही, तिथली वाढ अडते. याला पोझिशनल प्लॅजिओसेफली म्हणतात. ग्रीकमध्ये ‘प्लॅजिओस’ म्हणजे तिरपं.

हे किती सर्रास आढळतं? कॅनडातल्या कॅलगरी शहरात ७ ते १२ आठवड्यांची ४४० निरोगी बाळं तपासली, त्यातल्या ४६.६ टक्के बाळांत कमीअधिक चपटेपणा सापडला. त्यात सौम्य प्रकारच जास्त होते आणि उजवी बाजू चपटी असलेली बाळं जास्त होती.

२. मग पाठीवर झोपवणं बंद करावं का?

नाही. याला अपवाद नाही. अमेरिकेत १९९२ मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बाळांना पोटावर झोपवू नका असं सांगितलं, १९९४ मध्ये पाठीवर झोपवण्याची मोठी मोहीम निघाली आणि पुढच्या दशकभरात झोपेत अचानक होणारे बालमृत्यू निम्म्याच्या आसपास उतरले. डोकी चपटी होण्याचं प्रमाण त्यानंतर वाढलं, हेही खरं. पण चपटं डोकं सुधारतं.

बदल जागेपणी करायचा. बाळ जागं असताना, तुम्ही समोर बसून, त्याला पोटावर ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेनुसार, अजून रांगत नसलेल्या बाळाने दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटं असं पालथं असावं. एका दमात नव्हे. सुरुवातीला दोनतीन मिनिटांतच बाळ रडायला लागतं.

३. मोजतात म्हणजे नेमकं काय करतात?

बाळाला कुणाच्या तरी मांडीवर सरळ बसवतात आणि एकजण डोकं स्थिर धरतो. मोजणाऱ्याच्या हातात कॅलिपर असतो. तो म्हणजे मोठा कंपासच, फक्त टोकं बोथट आणि आत वळलेली, आणि मध्ये मिलिमीटरची पट्टी. एका भुवईच्या बाहेरच्या टोकापासून विरुद्ध बाजूच्या मागच्या भागापर्यंत एक तिरपं अंतर घेतात, मग तसंच दुसऱ्या बाजूने. हे दोन कर्ण. डोकं दोन्हीकडून सारखं असेल तर कर्ण जवळपास सारखे येतात. त्यांच्यातला फरक म्हणजे सीव्हीए, मिलिमीटरमध्ये.

त्याशिवाय दोन सरळ मापं असतात: दोन भुवयांच्या मधून मागच्या सर्वांत लांबच्या बिंदूपर्यंत लांबी, आणि कानांच्या वर जिथे डोकं सर्वांत रुंद आहे तिथली रुंदी. टोकं कातडीला टेकवायची, दाबायची नाहीत. प्रत्येक माप दोनतीनदा घेऊन सरासरी लिहिणं चांगलं. एकदाच मोजून झटकन कागद हातात दिला, तर पुन्हा मोजायला सांगा. त्यात संकोचण्यासारखं काही नाही.

४. घरी मोजता येईल का?

मिलिमीटरचा हिशोब घरी जमत नाही, आणि शिंप्याच्या टेपने कर्ण मोजताच येत नाहीत. टेप वळणावरून जातो. आपल्याला हवं असतं ते आरपार अंतर.

त्यापेक्षा फोटो काढा. बाळाचे केस ओले करून चप्प बसवा. बाळाला मांडीवर समोर तोंड करून बसवा आणि फोन डोक्याच्या अगदी वर, जमिनीला समांतर धरा. नाकाचा शेंडा आणि दोन्ही कान दिसले पाहिजेत. फोन जरासा तिरपा झाला तरी चांगलं डोकंही वाकडं दिसतं, म्हणून चारपाच फोटो काढून त्यातला सरळ निवडा. मग दर तीन आठवड्यांनी तसाच, त्याच उजेडात. डॉक्टरांना असे तीन फोटो दाखवलेत तर ‘मला वाटतं वाढलंय’ या वाक्यापेक्षा त्यांचा उपयोग जास्त होतो.

५. रिपोर्टवरचा सीव्हीएआय हा आकडा कसा काढतात?

दोन कर्णांतला फरक घ्यायचा, त्याला एका कर्णाने भागायचं आणि १०० ने गुणायचं. समजा कर्ण १४५ आणि १३६ मिलिमीटर आहेत. फरक ९. मोठ्या कर्णाने भागलं तर ६.२१ टक्के. लहान कर्णाने भागलं तर ६.६२ टक्के. दोन्ही पद्धती वापरात आहेत, आणि हा फरक दिसतो तितका किरकोळ नाही. तो प्रश्न ७ मध्ये.

६. किती टक्के म्हणजे किती गंभीर?

बऱ्याच ठिकाणी अमेरिकेतल्या अटलांटा इथल्या बालरुग्णालयाने बनवलेली पाच पायऱ्यांची पट्टी वापरतात. ३.५ टक्क्यांच्या आत पहिली पायरी, म्हणजे नेहमीचं. ३.५ ते ६.२५ दुसरी, ६.२५ ते ८.७५ तिसरी, ८.७५ ते ११ चौथी आणि ११ च्या वर पाचवी. ३.५ खालचा आकडा आला तर निश्चिंत राहा. अगदी शून्य असलेली डोकी फारशी भेटत नाहीत, मोठ्यांतही.

काही डॉक्टर आकड्याऐवजी डोळ्यांनी पाहून अर्जेंटा वर्गीकरण लिहितात. हे २००४ चं. पहिल्या प्रकारात फक्त मागची बाजू चपटी. दुसऱ्यात कानही सरकलेला. तिसऱ्यात त्या बाजूचं कपाळ पुढे आलेलं. चौथ्यात चेहराही असमान. पाचव्यात कानशिलाचा भाग फुगलेला किंवा डोकं मागून उंच वाढलेलं. यात मोजपट्टी लागत नाही. मला स्वतःला आकडा आणि हा प्रकार, दोन्ही लिहिलेला कागद आवडतो. नुसत्या टक्केवारीवरून कान कुठे आहे ते कळत नाही, आणि निदान करताना कानाला फार महत्त्व आहे (प्रश्न ११).

७. एकाच आठवड्यात दोन ठिकाणी मोजलं. एकीकडे दुसरी पायरी, दुसरीकडे तिसरी. खोटं कोण बोलतंय?

बहुधा कुणीच नाही. प्रश्न ५ मधलं उदाहरण पुन्हा पाहा: तेच बाळ, तीच मापं, आणि ६.२१ दुसऱ्या पायरीत तर ६.६२ तिसऱ्या पायरीत. फक्त भाजक बदलला.

आणखीही कारणं असतात. कर्ण कुठून कुठे घ्यायचा, हे सगळीकडे सारखं नाही. काही पद्धतींत मधल्या रेषेपासून ३० अंशांवर घेतात, काहींत ४० वर. स्कॅनमध्ये डोक्याचा आडवा छेद किती उंचीवर घेतला यावरही आकडा हलतो. शिवाय हाताने मोजताना बाळ वळवळतं, केस दाट असतात, कॅलिपर थोडा इकडेतिकडे होतो. एकदोन मिलिमीटरची चूक अनुभवी हातूनही होते. कर्ण १४० असेल तर २ मिलिमीटर म्हणजे जवळपास दीड टक्का! पट्टीवरची एक पायरी अडीच टक्क्यांच्या आसपास आहे, हे लक्षात घ्या.

म्हणून सीमारेषेवरच्या आकड्यावरून झोप उडवून घेऊ नका. एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने, शक्यतो एकाच माणसाकडून मोजून घ्या आणि बाळाची तुलना त्याच्याच मागच्या मापाशी करा.

८. दोन महिन्यांपूर्वी फरक १० मिलिमीटर होता, आताही १०. पण टक्केवारी उतरली. सुधारणा झाली म्हणायची का?

थोडी, हो. कर्ण १३० आणि १२० असताना मोठ्या कर्णाने भागलं तर ७.७ टक्के येतात. डोकं वाढून कर्ण १५५ आणि १४५ झाले की फरक तोच राहिला तरी ६.५ टक्के होतात. तिरपेपणा भरला नाही, पण मोठ्या डोक्यावर तो कमी जाणवतो. डोळ्यालाही तसंच दिसतं, म्हणून टक्केवारी फसवी म्हणता येत नाही. मात्र ‘उपचारांनी इतके टक्के फरक पडला’ असं कुणी सांगितलं, तर मिलिमीटर विचारा.

९. आमच्या बाळाचं डोकं तिरपं नाही, मागून सरळसोट सपाट आहे. कर्ण तर सारखेच आले.

दोन्ही बाजू सारख्याच चपट्या असतील तर कर्णांत फरक दिसणारच नाही. तिथे रुंदीला लांबीने भागून १०० ने गुणतात. त्याला सेफॅलिक इंडेक्स किंवा सीआय म्हणतात. रुंदी १२८, लांबी १४२ असेल तर ९०. साधारण ७५ ते ८५ मध्ये नेहमीची बाळं येतात. ९० च्या पुढे डोकं आखूड आणि रुंद धरतात, म्हणजे ब्रॅकिसेफली. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी ही रेषा ९३ वर ठेवली होती. वंशागणिक सरासरी बदलते, म्हणून इथे एकच रेषा सगळ्यांना लावणं बरोबर नाही.

जाता जाता: हा निर्देशांक स्वीडनचे शरीरशास्त्रज्ञ अँडर्स रेट्झियस यांनी १८४० च्या दशकात आणला तो माणसांच्या जाती-वंश पाडायला. तो धंदा कधीच निकालात निघाला, भागाकार तेवढा बाळांच्या उपयोगी पडला.

बऱ्याच बाळांत तिरपेपणा आणि सपाटपणा दोन्ही असतो. म्हणून कागदावर दोन्ही आकडे हवेत.

१०. असमानता ‘नॉर्मल’ आली, तरी डॉक्टरांनी पुढे तज्ज्ञाकडे पाठवलं. का?

कारण असमानता नसणं म्हणजे सगळं ठीक असणं नव्हे. डोक्याच्या मधोमध पुढून मागे जाणारी शिवण वेळेआधी जुळली तर डोकं होडीसारखं लांब आणि अरुंद वाढतं, पण दोन्ही बाजूंनी सारखं. सीव्हीएआय तिथे शून्याजवळ येतो. सीआय मात्र कमी येतो, आणि मधल्या रेषेवर बोटाला कंगोरा लागतो. शिवणी वेळेआधी जुळण्याच्या प्रकारांत हाच सर्वांत जास्त आढळतो.

११. झोपण्यामुळे झालंय की शिवण जुळल्यामुळे, हे कसं ओळखतात?

डोळ्यांनी आणि बोटांनी. आकडा ‘किती’ ते सांगतो, ‘का’ ते सांगत नाही. ८ टक्के दोन्हींत येऊ शकतात.

शिवण वेळेआधी जुळणं साधारण २००० ते २५०० जन्मांत एकदा होतं. त्यातही मागची बाजू तिरपी करणारी, लॅम्डॉइड नावाची शिवण जुळणं फारच विरळा. पण तिथे शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो, म्हणून ती चुकवून चालत नाही.

बाळाच्या मागे उभं राहून वरून पाहायचं आणि दोन्ही तर्जन्या कानांच्या पुढ्यात हलक्या टेकवायच्या. झोपण्यामुळे झालं असेल तर चपट्या बाजूचा कान पुढे सरकलेला असतो आणि त्याच बाजूचं कपाळही पुढे आलेलं असतं. जणू कुणी डोक्याची ती अख्खी बाजू मागून पुढे ढकलली आहे. वरून आकार समांतरभुज चौकोनासारखा दिसतो. लॅम्डॉइड शिवण जुळली असेल तर कान पुढे सरकत नाही, बहुधा मागे आणि खाली ओढला जातो, कानामागे हाडाचा उंचवटा हाताला लागतो आणि वरून आकार समलंब चौकोनाकडे झुकतो. कपाळच एका बाजूने चपटं असेल आणि त्या डोळ्याची खोबण वर ओढलेली दिसत असेल, तर पुढच्या, कोरोनल शिवणीचा संशय घेतात.

काळही बोलतो. झोपण्यामुळे होणारा चपटेपणा जन्मानंतर काही आठवड्यांनी दिसू लागतो आणि बाळ मान सावरून बसू लागलं की थांबतो. शिवणीचा दोष बहुधा जन्मापासून असतो आणि वाढत जातो. शिवणीवर कंगोरा, टाळू फार लवकर भरणं, डोक्याचा घेर वाढायचा थांबणं किंवा एकदम उसळणं, स्थिती बदलूनही आकार बिघडतच जाणं: यांतलं काहीही दिसलं तर पुढच्या लसीची वाट पाहू नका.

१२. एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करायला हवं ना?

बहुतेकदा नाही. निदान तपासणीवर होतं. शंका उरली तर अनुभवी हात सोनोग्राफीने शिवण उघडी आहे की नाही ते पाहू शकतो. त्यात किरणोत्सर्ग नाही. सीटी स्कॅन हा शिवण जुळल्याचा खरोखर संशय असेल तेव्हाचा, किंवा शस्त्रक्रिया ठरवतानाचा. नुसता तिरपेपणा मोजायला सीटी कुणी सुचवलं तर दुसरं मत घ्या.

१३. थ्रीडी स्कॅन कॅलिपरपेक्षा चांगला का? आणि मोबाइल ॲप?

थ्रीडी फोटोच्या यंत्रणेत अनेक कॅमेरे एकाच क्षणी टिपतात, पापणी लवायच्या आत. बाळाने वळवळायच्या आधीच काम झालेलं असतं. अख्ख्या डोक्याचा पृष्ठभाग मिळाल्यामुळे पुढच्या आणि मागच्या भागांचं आकारमान वेगवेगळं ताडता येतं. दोन कर्णांत हे सापडत नाही. केस दाबायला पातळ, घट्ट टोपी घालतात. टोपीला चुणी पडली तर ती डोक्याचा भाग म्हणून मोजली जाते, तेवढं पाहा.

ॲप सोयीचं आहे, पण फोन कसा धरला यावर ते अवलंबून असतं (प्रश्न ४ मधली तिरप्या फोनची अडचण इथेही आहे). कल पाहायला चालेल. उपचार त्यावरून ठरवू नका.

१४. डोक्याचा घेर तक्त्यात बरोबर बसतो. मग वेगळं मोजायचं कशाला?

घेर मेंदूच्या वाढीबद्दल सांगतो, आकाराबद्दल काही सांगत नाही. ४२ सेंटिमीटरचा दोरा वर्तुळात मांडा की तिरप्या चौकोनात, लांबी ४२ च. दोन्ही मापं हवीत.

१५. बाळ एकाच बाजूला मान वळवतं. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

फार जवळचा. मानेच्या बाजूचा स्नायू आखडलेला असतो, त्याला टॉर्टिकॉलिस म्हणतात. उजवा स्नायू आखडला तर डोकं उजव्या खांद्याकडे कलतं आणि चेहरा डावीकडे वळतो. मग चपटी होते ती मागची डावी बाजू. चपट्या डोक्याचं माप घेणाऱ्याने मान दोन्हीकडे किती वळते हे तपासलं नसेल, तर काम अर्धंच झालं. इथे फिजिओथेरपी लवकर सुरू केली तर फायदा चांगला होतो. घरी बाळाला न आवडणाऱ्या बाजूने हाक मारा, खुळखुळा तिकडून वाजवा, पाळण्यातली डोक्याची दिशा बदला.

१६. बाळ दोन महिने आधी जन्मलं. वय कुठलं धरायचं?

नियोजित तारखेपासून मोजलेलं. शिवाय अतिदक्षता विभागात कुशीवर ठेवल्यामुळे अशा बाळांची डोकी लांबट आणि अरुंद होतात, म्हणजे सीआय कमी येतो. ते प्रश्न १० मधल्या दोषासारखं दिसू शकतं. फरक शिवणीवर बोट फिरवून आणि नंतरच्या मापांतून कळतो.

१७. जन्मतःच डोकं लांबट होतं, वर गाठही आहे. लगेच मोजावं का?

प्रसूतीच्या वाटेत दबून आलेला आकार आणि वरची मऊ सूज काही दिवसांत ओसरते. हाडावर रक्त साकळून झालेली गाठ जायला आठवडे लागतात, क्वचित ती कडकही होते. कॅलिपरचं टोक तिच्यावर पडलं तर कर्ण उगाच मोठा येतो. दीडदोन महिन्यांचं होऊ द्या आणि गाठ उरली असेल तर तसं कागदावर लिहून घ्या.

१८. आकडा जास्त आला. हेल्मेट लागणारच का?

आकड्यावरून एकट्याने ठरत नाही. हेल्मेट डोकं दाबत नाही; फुगलेल्या बाजूला टेकतं, चपट्या बाजूला जागा सोडतं, आणि वाढ त्या जागेत जाते. म्हणून वाढ जोरात असतानाच त्याचा उपयोग. पहिले तीन महिने घेर महिन्याला सुमारे २ सेंटिमीटर वाढतो, पुढचे तीन १, आणि सहा महिन्यांनंतर अर्धा. चार ते सहा महिने हा चांगला काळ मानतात. रोज २३ तास घालावं लागतं.

पुरावा दोन्हीकडे बोट दाखवतो. नेदरलँड्समध्ये मध्यम ते जास्त चपटेपणा असलेल्या ८४ बाळांवर चाचणी झाली आणि ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना हेल्मेट, अर्ध्यांना काही नाही. दोन वर्षांच्या वयात पूर्ण बरी झालेली बाळं पहिल्या गटात २६ टक्के, दुसऱ्यात २३ टक्के, म्हणजे जवळपास सारखीच. आणि हेल्मेट गटातल्या सगळ्याच पालकांनी काही ना काही त्रास सांगितला. पण अतितीव्र चपटेपणा आणि आखडलेली मान असलेली बाळं त्या चाचणीत नव्हती. अमेरिकेतल्या न्यूरोसर्जनांच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना स्थिती बदलून आणि फिजिओथेरपी करूनही मध्यम ते तीव्र विकृती उरली, तर हेल्मेटची शिफारस करतात. माझं मत: पहिल्या भेटीतल्या एकाच मापावर हेल्मेटचा निर्णय कुणी घेऊ नये.

१९. मध्ये खळगा असलेली उशी चालेल का?

झोपताना नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नका असा इशारा दिला. झोपेत गुदमरण्याचा धोका असतो. हाताने दाबून आकार देण्याचाही प्रयत्न करू नका.

२०. मेंदूवर परिणाम होईल का?

झोपण्यामुळे आलेल्या चपटेपणाने मेंदूची जागा कमी होत नाही, ती फक्त दुसरीकडे सरकते. काही अभ्यासांत अशा बाळांत हालचालींचा विकास थोडा मागे दिसला आहे. पण उलटंही शक्य आहे: जे बाळ मुळातच कमी हालचाल करतं, तेच एका कुशीवर पडून राहतं. म्हणून चपटं डोकं दिसलं की मान धरणं, वळणं, बसणं वेळेवर होतंय ना हे पाहून घेतात. शिवण जुळलेली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आतला दाब वाढू शकतो.

२१. आता बाळ सव्वा वर्षाचं आहे. मोजून काही फायदा?

उपचार ठरवायला फारसा नाही. हेल्मेटचा काळही जवळपास संपत आला आहे. न्यूझीलंडमध्ये २०० बाळांचा दोन वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा चार महिन्यांच्या वयात १९.७ टक्के बाळांत चपटेपणा होता, वर्षाच्या वयात ६.८ आणि दोन वर्षांच्या वयात ३.३ टक्क्यांत. म्हणजे उरतो तो थोड्यांत, आणि त्यातलाही बराचसा केसांखाली जातो. तरी एकदा तपासून घ्या, ते प्रश्न ११ मधल्या खुणांसाठी. कान जागेवर आहे, कंगोरा नाही, घेर तक्त्याप्रमाणे वाढतोय, एवढं पाहून झालं की पुढची तारीख घ्यायची गरज नाही.